प्रमाणासाठी नाणे

शुक्रवार. ओहोटी साडेपाचला.
सोहारहून निघालेली गाडी अंधारातच
लिवाच्या तिवरांपाशी थांबते.
सिद्दीग सरांच्या हातात भिंग,
रोवेनाच्या गळ्यात भावाचा जुना कॅमेरा,
माझ्या खिशात पंचवीस बैशांचं नाणं.

नाणं प्रमाणासाठी.
आकार कळला नाही तर फोटो म्हणजे अफवा, सर म्हणतात.
म्हणून शंखाशेजारी बैसा, खेकड्याशेजारी बैसा,
मेलेल्या चतुराच्या पंखाखाली बैसा.
देवरुखला पायरीवर गुंडाळी करून पडणारा
तो शंभर पायांचा किडा,
त्यालाच आम्ही पैसा म्हणायचो.
हे सांगितलं तर सरांनी वहीत लिहून घेतलं,
उजवीकडून डावीकडे, आणि खाली तारीख घातली.

एक नांगी अंगाएवढी, दुसरी चमच्याएवढी: नर.
इतकं आता मलाही येतं.
तो नांगी वर नेतो, खाली आणतो, वर नेतो,
न थांबणाऱ्या बसला हात करावा तसा.
पुढचं कठीण.
डोळ्यांचे देठ, पाठीच्या कडेचे दाते,
नांगीच्या आतली बारीक रेघ.
रोवेना पोटावर झोपते, सरळ चिखलात.
आठवडाभर पांढऱ्या कपड्यात असते ती,
म्हणूनही असेल.

वहीत एकशे ऐंशी नोंदी.
त्यातल्या बावन्न नोंदींपुढे सरांचं अक्षर:
‘कुळापर्यंत.’
म्हणजे कूळ लागलं, नाव लागलं नाही.
ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात,
आम्ही गोगलगाईचं विचारत बसतो
ऊन डोक्यावर येईपर्यंत.

एकदा बंदराच्या कुंपणालगत
पत्र्याच्या शेडखाली आम्ही उकिडवे,
आणि मागून बॅटरीचा झोत.
कसले फोटो?
रोवेनानं कॅमेरा पुढे केला.
वाळूतले खळगे. त्रेसष्ट फोटो, सगळे खळग्यांचे.
पहारेकरी पोरसवदा, बातिनाकडचाच.
त्यानं फोटो पाहिले, मग आम्हाला पाहिलं.
मग बॅटरी काखेत धरून खाली बसला,
वाळकी काडी शोधली
आणि खळग्याच्या कडेला हळूच खाजवलं
जसं मी खाजवायची, सात वर्षांची, गोठ्यामागे.
तळातून वाळू उडाली. एक जबडा. मग पाठ,
उलट्या पावली चालणारी.
तो काहीतरी म्हणाला. आजीचा शब्द, म्हणाला, आमच्याकडचा.
सर म्हणाले, आमच्याकडे वेगळा.
रोवेनाकडे तिसरा.
मी म्हटलं, मागंमागं.
पोरानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला,
दोनदा चुकला.
चारही नावं वहीत आहेत. शास्त्रीय नावाची जागा
अजून कोरी.

मे महिन्यात सरांची साठी झाली.
शाळेनं घड्याळ दिलं, व्हिसा संपला.
घर जिथे होतं तिथे परत जाता येत नव्हतं,
म्हणून पोर्ट सुदानला, मुलीच्या दोन खोल्यांत.
भिंग रोवेनाला, वही मला.
आवराआवरीत नाणं कुठेतरी पडलं,
मी दुसरं घेतलं. ते जास्त चकाकतं,
उन्हात फोटो बिघडवतं.

आम्ही दोघी जातो अजून.
गाडीत मागची सीट रिकामी,
तिच्यावर बूट ठेवतो.

काल रात्री फोनवर फोटो आला.
निळी, टवका उडालेली फरशी,
तिच्यावर काळा भुंगा,
आणि भुंग्याशेजारी, जरा तिरपं,
माझं नाणं. कडेवरचा ओरखडा ओळखला मी.
खाली एकच ओळ: कोण आहे हा?

रोवेनानं फोन जवळ घेतला, लांब धरला.
कुळापर्यंत, म्हणाली.

मी उत्तर लिहिलं:
फोटो हललाय, सर.
मिशा दिसत नाहीत.
उद्या उजेडात पुन्हा काढा.